देखरेखीखालील उमेदवार

देखरेखीखाली असलेल्या व्यक्तींच्या नोंदवहीत माझे नाव मी स्वतः लिहिले. सुवाच्य अक्षरात, कोणाचीही सक्ती नसताना, आणि पुढे सही करून. हे सुरुवातीलाच मान्य केलेले बरे. त्यानंतर जे घडले त्याबद्दल आमच्या इमारतीत निदान सात वेगवेगळ्या हकिकती प्रचलित आहेत आणि त्यांतल्या एकीतही ही साधी गोष्ट आलेली नाही.

मी न्यायालयाच्या नक्कल विभागात आहे. निकालाची प्रत कोणाला हवी असेल, तर ती मूळ कागदाशी ताडून पाहणे आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सही करणे हे माझे काम. या कामात माणसाच्या हाताला एक सवय जडते. समोर उघडी वही आणि रिकामी ओळ दिसली, की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. घरी दूधवाल्याच्या कार्डावरही मी रोज सही करीत असे. त्याने हात जोडून विनंती केली तेव्हा थांबलो.

एकवीस वर्षांत मी जे हजारो आदेश ताडले, त्यांत एक वाक्य वारंवार येई : ‘आरोपीस चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडण्यात येत आहे.’ माणसाला तुरुंगात न घालता घरी पाठवायचे, आणि तो पुन्हा घसरू नये म्हणून एका अधिकाऱ्याने त्याच्यावर लक्ष ठेवायचे, वेळप्रसंगी त्याला हात द्यायचा, अशी ती व्यवस्था. त्या वाक्यातला स्वल्पविराम कुठे येतो हे मला झोपेतही सांगता आले असते. पण सोडून दिलेला माणूस न्यायालयाच्या पायऱ्या उतरल्यावर कुठे जातो, हे मला माहीत नव्हते. हा प्रश्न वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पडावा, हे काही भूषणावह नाही. परंतु पडला खरा. आणि त्याच सुमारास परिविक्षा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जाहिरात निघाली. वयाची अट होती पंचेचाळीस पूर्ण नसावीत. अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर दोन आठवड्यांनी माझी पंचेचाळीस पूर्ण होत होती. म्हणजे ही पहिली संधी होती आणि शेवटचीही.

“तुम्ही?” पत्नी म्हणाली. “तुम्ही लोकांना सुधारणार?”

“सुधारणार नाही. साहाय्य करणार.”

“अहो, पण त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं. तुम्ही तर इस्त्रीवाल्याशीसुद्धा चिठ्ठीवर लिहून बोलता.”

मी अर्ज भरायला घेतला.

अर्जाला चार कागद जोडायचे होते. बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली समाजशास्त्राची पदवी माझ्याकडे होती. वैद्यकीय दाखला मिळाला. डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली आणि ‘समुपदेशनास योग्य’ असे लिहून दिले. तिसरा कागद म्हणजे ‘उमेदवारास किमान पाच वर्षे ओळखणाऱ्या, नातेवाईक नसलेल्या प्रतिष्ठित व्यक्तीचे शिफारसपत्र’. ते मी आमच्या इमारतीच्या सचिवांकडे मागितले. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून इमारतीची नियमावली छातीशी धरून वावरतात आणि कोणत्याही प्रश्नाला कलमाच्या क्रमांकाने उत्तर देतात. सगळे त्यांना कलमकाका म्हणतात. त्यांनी दोन दिवस विचार करून लिहिले : ‘सदर गृहस्थांना मी नऊ वर्षे ओळखतो. या काळात त्यांच्याविरुद्ध तीनच तक्रारी आल्या, त्यांपैकी दोन निकाली निघाल्या.’

“काका, हे शिफारसपत्र आहे,” मी म्हणालो.

“म्हणूनच तर ‘तीनच’ लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या अकरा आहेत.”

चौथा कागद सर्वांत सोपा वाटला होता. परिविक्षा कार्यालयाने फक्त एवढे लिहून द्यायचे, की उमेदवार सध्या आमच्या देखरेखीखाली नाही.

ते कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला लाकडी बाक, समोर टेबल, टेबलामागे फायलींचे कपाट, आणि आतल्या बाजूला काचेचे दार असलेली अधिकाऱ्यांची खोली. मी गेलो तो दिवस बुधवार होता. टेबलावरचे कारकून चहासाठी उठले होते आणि टेबलावर एक जाडजूड नोंदवही उघडी होती. पान सत्त्याऐंशी. नाव, वय, पत्ता, तारीख, सही. रकान्यांची शीर्षके अशा वह्यांत फक्त पहिल्या पानावर असतात. हे मला इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असायला हवे होते. ही भेटायला येणाऱ्यांची वही असणार, असे मनाने ठरवायच्या आतच हाताने ठरवले. नाव, वय, पत्ता, तारीख, सही. शाई वाळावी म्हणून मी हलकेच फुंकरही घातली.

कारकून परत आले. त्यांनी वही पाहिली, मला पाहिले, पुन्हा वही पाहिली.

“अक्षर फार सुरेख आहे,” ते म्हणाले. “आदेश आणलाय?”

“कसला आदेश? मला दाखला हवाय. मी देखरेखीखाली नाही, असा.”

कारकुनांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “आता आहात,” ते म्हणाले.

मी खोडायला सुचवले. माझ्या तोंडून असे निघावे, याची मला आजही लाज वाटते. त्या वहीचे प्रत्येक पान क्रमांकित होते आणि शेवटच्या पानावर न्यायालयाची मोहोर होती. मोहोर असलेल्या वहीत खाडाखोड करणे हा गुन्हा आहे. कारकुनांनी हे मला सौम्यपणे समजावून सांगितले आणि मग अगदी आपलेपणाने म्हणाले, “कालावधीचा रकाना रिकामा ठेवला तर मुदत बेमुदत धरतात. मी आपला सर्वांत कमी घालतो. तीन महिने. गुन्ह्याचा रकाना मात्र तुम्ही सांगाल तसा.”

“मी काही केलेलं नाही!”

“ते इथे सगळेच म्हणतात,” बाकावरून आवाज आला. वळून पाहिले, तर रंगाचे शिंतोडे उडालेल्या कपड्यांतला एक दणकट माणूस माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होता. “पहिल्या दिवशी.”

काचेच्या दारामागच्या मॅडम पन्नाशीच्या पुढच्या होत्या. त्यांच्यावर चार जणांचे काम होते आणि ते चारही जण आपणच आहोत, अशा पद्धतीने त्या बोलत. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

“नोंद दुरुस्त होते,” त्या म्हणाल्या. “न्यायालयाकडे अर्ज करायचा. त्यासाठी या पानाची प्रमाणित नक्कल लागेल. ती नक्कल विभागातून मिळते. सध्या तिकडे किती वेळ लागतो, ठाऊक आहे?”

“पाच महिने,” मी म्हणालो.

“तुम्हाला कसं माहीत?”

मी सांगितले. त्या मुळीच हसल्या नाहीत आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. दुसऱ्या दिवशी मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेलो आणि माझा एक अर्ज क्रम सोडून पुढे घ्यावा, अशी विनंती केली. त्यांनी मला एक जुने परिपत्रक दाखवले : विभागातील कर्मचाऱ्याचा वैयक्तिक अर्ज कोणत्याही कारणाने क्रम सोडून घेऊ नये. त्या परिपत्रकाची प्रत मीच ताडलेली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही होती.

राहिला एकच मार्ग, आणि तो मॅडमनीच दाखवला. देखरेख तीन महिन्यांची, म्हणजे बारा बुधवार. प्रशिक्षणाच्या अर्जाची शेवटची तारीख बाराव्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी. “बारा बुधवार येऊन बसा, सही करा. बाराव्याला ‘मुदत समाधानकारकरीत्या पूर्ण’ असा शेरा मारते आणि तुमचा दाखला देते. अर्जात ‘सध्या’ म्हटलंय ना? मग झालं.”

तर अशा रीतीने मी बाकावर बसू लागलो.

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून मी तिथे जात असे. माझी बसण्याची पद्धत मी पहिल्याच आठवड्यात निश्चित केली होती : बाकाचे टोक, पाठ ताठ, मांडीवर फाइल, आणि चेहऱ्यावर असा भाव, की हा मनुष्य पाहणीसाठी आलेला आहे. या भावाला पहिल्या दोन बुधवारी चांगले यश आले. एका म्हातारीने मला आपली तक्रारही सांगितली. तिसऱ्या बुधवारी कारकुनांनी भर खोलीत माझे नाव पुकारले आणि विचारले, “काय हो, या आठवड्यात वर्तणूक कशी होती?” नियमाप्रमाणे त्यांना ते विचारावेच लागते.

“चांगली,” मी म्हणालो.

“मोठ्याने सांगा, लिहायचं आहे.”

रंगारी नेहमी माझ्या शेजारी बसे. त्याची मुदत सहा महिन्यांची होती आणि ती माझ्यानंतर एका आठवड्याने संपत होती. त्याने आपल्या मेव्हण्याचा हात मोडला होता, एका शिडीवरून झालेल्या भांडणात.

“शिडी कोणाची होती?” मी विचारले. प्रशिक्षणाच्या पूर्वतयारीसाठी घेतलेल्या पुस्तकात लिहिले होते, की प्रश्न छोटे आणि थेट असावेत.

“शिडी माझी. हात त्याचा.” मग तो म्हणाला, “हात शिडीपेक्षा जास्त लागतो माणसाला, हे तेव्हा डोक्यात नाही आलं. तुमचं काय?”

“मी चुकून आलोय.”

“हां,” तो समजुतीने म्हणाला, “मीपण काही ठरवून नव्हतो आलो.”

त्याला वाचायला फारसे येत नसे. सही तो चित्र काढावे तशी काढी, आधी मधले अक्षर आणि मग दोन्ही बाजूंची. भिंतींबद्दल मात्र तो तासन्‌तास बोलू शके. कार्यालयाच्या भिंतीला कोणत्या वर्षी कोणता रंग दिला होता आणि खालचा थर न खरवडता त्यावरच कसा हात मारला होता, हे त्याने मला नखाने पापुद्रे काढून दाखवले. मी ऐकत असे, पण जरा वरून, माडीवरून रस्ता पाहावा तसे. माझ्या मनात सतत एकच विचार असे, की हे सगळे एक दिवस माझ्या प्रशिक्षणात उपयोगी पडेल.

सहाव्या आठवड्यात गृहभेट झाली. देखरेखीखालच्या प्रत्येक व्यक्तीच्या घरी अधिकाऱ्याने एकदा जायचे आणि शेजाऱ्यांकडे चौकशी करायची, असा नियम. “माझ्या बाबतीत तेवढं वगळता नाही का येणार?” मी विचारले. मॅडम म्हणाल्या, “वगळलं तर मुदत अपूर्ण धरतात.”

त्या आल्या तेव्हा तळमजल्यावरच्या काकू जिन्यात लसूण सोलत बसल्या होत्या. मॅडमनी आपले ओळखपत्र दाखवून माझ्याविषयी विचारले आणि काकूंच्या हातातली पाकळी हातातच राहिली. काकूंचे माझ्यावर खरोखर प्रेम आहे. त्यांनी ताबडतोब पदर सावरून जबाब द्यायला सुरुवात केली.

“भाऊ तसे नाहीत हो! मनाने फार चांगले. आता माणूस आहे, होतं एखाद्या वेळी हातून. पण इमारतीतलं आजवर काही गेलेलं नाही. माझी बादली गेली होती, पण ती सापडली.”

“काकू!” मी वरून ओरडलो.

“तुम्ही बोलू नका भाऊ, मी बघते.”

तोवर कलमकाका नियमावलीसह उतरले होते. कलम चौदाप्रमाणे प्रत्येक सभासद दोषी ठरेपर्यंत निर्दोष असतो, असे त्यांनी मॅडमना ऐकवले. मॅडमनी विचारले, कलम चौदा पाण्याच्या टाकीबद्दल नाही का? काका म्हणाले, त्यातून तसा अर्थ निघतो. मग दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आले, ज्यांच्याविरुद्ध अकरा तक्रारी होत्या. त्यांनी सर्वांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाहिले नव्हते. त्या स्पर्शात एक प्रकारचे स्वागत होते.

मी खुलासा केला. सविस्तर केला. नोंदवही, पान सत्त्याऐंशी, रकाने, मोहोर, सर्व काही सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे संपल्यावर काकू मॅडमकडे वळून हळूच म्हणाल्या, “बघितलंत? खोटंसुद्धा धड बोलता येत नाही बिचाऱ्यांना.”

पत्नीचा जबाब आतल्या खोलीत, दार लावून झाला. पाऊण तास चालला. मधून मधून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी बाहेर माझ्याच घराच्या खुर्चीवर पाहुण्यासारखा बसून होतो.

पुढच्या बुधवारी मॅडमनी अहवाल मला वाचायला दिला. तो दाखवणे बंधनकारक असते. त्यात लिहिले होते : ‘व्यक्ती सभ्य व नियमित. कुटुंबात स्नेहाचे वातावरण. व्यक्ती स्वतःला इतर देखरेखीखालील व्यक्तींपासून वेगळी समजते. सुधारणेस वाव आहे.’

या शेवटच्या तीन शब्दांनी मला चार दिवस जेवण गोड लागू दिले नाही. पत्नीला म्हणालो, “मी वेगळा समजत नाही. मी वेगळा आहे.” ती म्हणाली, “त्यांनी हेच लिहिलंय, फक्त कमी रागाने.”

आता अकराव्या बुधवारबद्दल. हा परिच्छेद मी तीनदा लिहून फाडला आहे.

त्या दिवशी बाकावर टेकताच रंगारी म्हणाला, “एक काम होतं तुमच्याकडे. बाहेरगावी एका शाळेचं रंगकाम मिळालंय, आठ-दहा दिवसांचं. उद्या निघायचं. पुढच्या बुधवारी यायला नाही जमणार. मॅडमना अर्ज द्यावा लागतो. त्या आज कोर्टात गेल्यात. दोन ओळी लिहा ना. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

दोन ओळी. माझ्या खिशात पेन होते, फाइलमध्ये कोरे कागद होते, आणि एकवीस वर्षे मी याखेरीज दुसरे काही केलेले नाही. मी कागद काढलाही. इतक्यात दारातून आमचे विभागप्रमुख आत आले, कसलेसे टपाल द्यायला. मी फाइल तोंडापुढे धरली. पण बाकावर तोंडापुढे फाइल धरलेला माणूस साध्या माणसापेक्षा जास्त दिसतो, हे मला तेव्हा कळले. ते थेट माझ्यापुढे येऊन थांबले.

“तुम्ही इथे?” त्यांनी विचारले.

“पाहणीसाठी,” मी म्हणालो.

“आणि हे?” त्यांनी रंगाऱ्याकडे बोट दाखवले.

रंगारी माझ्याकडे पाहून हसला. ओळखीचा माणूस हसतो तसा. आणि मी म्हणालो, “कल्पना नाही.”

एवढे बोलून मी बाकावरून उठलो आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. मधे चार माणसांची जागा राहिली. विभागप्रमुख गेले. रंगाऱ्याने थोड्या वेळाने विचारले, “मग लिहिताय ना?” मी म्हणालो, “आत्ता नको. नंतर बघू.” नंतर माझे नाव पुकारले गेले. मी वर्तणूक चांगली असल्याचे मोठ्याने सांगितले, सही केली आणि मागे न बघता निघून आलो.

बाराव्या बुधवारी मी धुतलेला सदरा घालून गेलो. कारकून रजेवर होते, म्हणून मॅडमनी मला थेट आत बोलावले. माझा दाखला टाइप होऊन त्यांच्या टेबलावर पडला होता, फक्त सही व्हायची होती. त्यांनी पेन उघडले आणि आधी नोंदवहीवरून नजर फिरवली.

“रंगारी आला नाही?” त्या म्हणाल्या. “फोनही बंद आहे त्याचा. अर्ज नाही, आवक वहीत काही नाही.” त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळले. “सहा महिने नीट आला. शेवटच्या दोन बुधवारांत घात केला माणसाने. आज मला न्यायालयाला कळवावं लागेल. न सांगता गैरहजर.”

त्यानंतर येणारे वाक्यही मला पाठ होते. ‘हमीचा भंग झाल्याने, मूळ शिक्षा भोगण्यासाठी आरोपीस हजर करावे.’ याही वाक्यातला स्वल्पविराम मी कितीदा तपासला होता. आणि आता त्या वाक्यात मला नखाने भिंतीचे पापुद्रे काढणारा हात दिसू लागला.

“मॅडम,” मी म्हणालो, “त्याने सांगितलं होतं. मला. अर्ज लिहून द्या म्हणाला होता. मी दिला नाही.”

“का?”

मी कारण सांगितले. तोंडी सांगायला ते फार लहान होते. एका वाक्यात मावले.

मॅडमनी पेन बंद केले. “हे मला जबाब म्हणून लिहून घ्यावं लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि तुमच्या नावापुढे घ्यावं लागेल, कारण आज पाच वाजेपर्यंत तुम्ही माझ्या देखरेखीखाली आहात. दुसऱ्याच्या हजेरीबद्दलची माहिती दडवली, असा शेरा पडला की मुदत चार आठवडे वाढते. नियम मी केलेला नाही. तुमची शेवटची तारीख शुक्रवारची ना?”

“हो.”

“मग आत्ता काही बोलला नाहीत असं मी धरते. बाहेर जा. चहा घ्या. अर्ध्या तासाने या, आणि मग काय ते ठरवा.”

मी चहा घ्यायला गेलो. त्या अर्ध्या तासाबद्दल मी उदात्त काही सांगणार नाही. तो माणूस मेव्हण्याचा हात मोडणारा आहे, हे मी स्वतःला दोनदा सांगितले. त्याने दुसऱ्या कोणाकडून अर्ज लिहून घ्यायला हवा होता, हेही सांगितले. मी प्रशिक्षण घेतले तर असे शंभर रंगारी सावरू शकेन, हा हिशोबही मांडून पाहिला. तो इतका बरोबर जमत होता, की मलाच त्याचा संशय आला. चहा संपला. मी परत गेलो आणि नोंदवहीत माझ्या नावापुढे जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. पंधरा ओळी झाल्या. खाडाखोड नाही. मॅडमनी वाचला, माझा टाइप केलेला दाखला मधोमध फाडला आणि म्हणाल्या, “त्याचा अहवाल मी आठ दिवस थांबवते.”

शुक्रवारी तरीही मी प्रशिक्षण संस्थेत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद मोजले. “चौथा दाखला?”

“नाही.”

“कारण?”

“सध्या देखरेखीखाली आहे.”

त्यांनी अर्जावरची माझी उद्दिष्टे वाचली, मग खिडकीतून वाकून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “अहो,” ते फार हळुवारपणे म्हणाले, “तुम्ही चुकीच्या बाजूने आलात.” आणि अर्ज परत दिला.

घरी आल्यावर पत्नीने माझ्या हातातली फाइल घेऊन कपाटात ठेवली. मग म्हणाली, “त्या रंगाऱ्याला कळलंय का, तुम्ही काय केलंत ते?”

“नाही.”

“मग सांगायला जाऊ नका. उगाच त्याला तुमच्या पाया पडावं लागेल.”

मी न सांगण्याचा निश्चय केला. खरे सांगायचे तर त्या निश्चयात मला एक प्रकारचे समाधानही वाटू लागले होते. मूकपणे केलेल्या त्यागाला जी एक शोभा असते, ती मी तेरावा बुधवार येईपर्यंत अंगावर मिरवीत होतो. जिना उतरतानाही जरा सावकाश उतरत होतो.

तेराव्या बुधवारी कार्यालयात शिरलो, तर रंगारी बाकावर बसलेला. कानाच्या पाळ्यांना हिरवा रंग. मॅडम त्याच्यासमोर नोंदवही घेऊन उभ्या. आणि रजेवरून परतलेले कारकून टेबलाचा खण उपसत होते.

“सापडली!” त्यांनी एक चिठ्ठी वर धरली. “गेल्या मंगळवारचीच आहे. ‘रंगारी यांचा फोन. बाहेरगावी काम. बुधवारी येता येणार नाही, रजा मिळावी.’ वहीत चढवायची राहिली तेवढी. माझी रजा बुधवारपासून होती ना, म्हणून.”

मॅडम खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोके धरले.

“म्हणजे फोन करूनही चालतं?” मी विचारले.

“नोंद झाली की चालतं,” कारकून म्हणाले.

“तुम्ही नाही लिहून दिलंत,” रंगारी मला म्हणाला, “म्हणून मी मुकादमाच्या फोनवरून कळवलं. का? काय झालं?”

मी निश्चय केलेला होता. पण कारकुनांनी कसलाही निश्चय केलेला नव्हता. त्यांनी नोंदवहीवर बोट ठेवून सर्व काही क्रमवार सांगितले : जबाब, शेरा, वाढीव मुदत, हुकलेली तारीख, वयाची अट. ऐकता ऐकता रंगाऱ्याचा चेहरा ताणला गेला, आणि मग तो हसू लागला. असा हसला की बाक हलला. “मी फोन करून बसलोय,” तो म्हणाला, “आणि तुम्ही इकडे... मी तिकडे मजेत शाळेला हिरवा रंग मारतोय आणि तुम्ही...” त्याला पुढे बोलता येईना. म्हातारी हसली. कारकूनही हसले. एखाद्या माणसाने आयुष्यात एकदाच जे काही धड केले असेल, ते इतक्या लोकांनी इतक्या मनापासून हसण्याजोगे असावे, याचे मला वाईट वाटले. मी बाकाच्या टोकाकडे निघालो.

“इकडे बसा हो,” रंगारी डोळे पुसत म्हणाला. त्याने हात धरून मला शेजारी बसवले. मग त्याचे हसू ओसरले. बराच वेळ तो आपल्या नखांतला हिरवा रंग काढत राहिला.

“माझ्या केसमध्ये अकरा जबाब होते,” तो म्हणाला. “सगळी गल्ली मेव्हण्याच्या बाजूने. कोर्टात एकेक वाचून दाखवले. अकराही माझ्याविरुद्ध.”

“हो,” मी म्हणालो.

“माझ्या बाजूने कोणी लिहून दिलेला हा पहिला.”

“पण त्याचा काही उपयोग झाला नाही.”

“नाही झाला,” त्याने मान्य केले. “तरी वाचून दाखवा.”

“नोंदवही गोपनीय असते,” कारकून म्हणाले.

“त्याच्याबद्दलच आहे ते,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वही उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

मी वाचू लागलो. अकराव्या बुधवारी त्याने काय मागितले, मी कागद कसा काढला, कोण आले, मी काय म्हणालो, मधे किती माणसांची जागा सोडून बसलो. कागद ताडताना वाचतो तसे, भरभर, एका सुरात. चार ओळी झाल्या असतील. रंगाऱ्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“हळू,” तो म्हणाला. “पहिल्यापासून.”

मी पहिल्यापासून वाचू लागलो.